विमानतळाच्या बसमधले ‘आपण’

षड्रिपूंची नावे घेताना मत्सर सर्वांत शेवटी येतो, म्हणून तो धाकटा आहे असे कोणी समजू नये. काम आंधळा, क्रोध बहिरा. मत्सराचे मात्र डोळे शाबूत असतात आणि कान तर फारच तिखट. भिंतीपलीकडचे हसू त्याला ऐकू येते, बंद मुठीतला शब्द त्याला दिसतो. आणि सज्जनहो, त्याचे एक नवल आहे. जिथे प्रेमच नाही तिथे मत्सराला उभे राहायलाही जागा मिळत नाही. तो राहतो प्रेमाच्याच घरात, प्रेमाच्याच ओट्यावर, आणि दिवसभर दाराच्या फटीतून आत बघत बसतो. ज्या दयाघनाने काट्यालाही गुलाबाचीच फांदी दिली, त्याने यालाही हेच घर नेमून दिले. ते घर एका काजवाल्या काकूंचे होते, आणि त्यांचीच ही गोष्ट.

काजवाली त्यांना सगळी गल्ली म्हणे. मोठ्या रस्त्यावर एक नावाजलेले शिंप्याचे दुकान होते. कोटाची शिलाई, अस्तर, खिसे हे सारे दुकानातच होई; काजे मात्र काकूंच्या हातची लागत. यंत्राचे काज म्हणजे दाताने तोडल्यासारखे, असे तो शिंपी म्हणायचा आणि तयार कोटांचे गाठोडे त्यांच्याकडे धाडायचा. काकू खिडकीपाशी बसत. दोरा मेणावरून ओढून घेत, कापडाला नेमकी चीर देत आणि मग त्या चिरेच्या कडेने टाक्याला टाका असा लावत जात की मधून उजेडसुद्धा डोकावू नये. काज म्हणजे तरी काय? कापडाला मुद्दाम दिलेली जखम, आणि तिच्या कडेने घातलेली माया. “भोक कोणीही पाडेल,” त्या म्हणत, “ते पसरू न देणं हे काम आहे.”

त्यांचे यजमान कंडक्टर. विमानतळावरून शहरात येणारी शेवटची बस कित्येक वर्षे त्यांच्याकडे होती. दुपार कलली की गणवेश चढवून निघायचे, आणि परतायचे तेव्हा गल्लीतली कुत्रीही झोपलेली असायची. गल्लीने त्यांचे नाव ठेवले होते घुमे मास्तर. कारण या माणसाने तोंडात मिठाची गुळणी धरली होती ती कायमची. घरात त्यांचे बोलणे तीन शब्दांचे: हं, बरं, आणि असू दे. ताटावर बसताना हं, उठताना बरं, आणि आयुष्यात जे काही मोडेल, सांडेल, हरवेल त्याला असू दे. शेजारीण एकदा काकूंना विचारती झाली की तुमच्याकडे भांडण तरी होते कसे. काकू म्हणाल्या, “मीच दोन्ही बाजूंनी भांडते, आणि शेवटी मीच हरते.”

आणखी एक खोड होती. मास्तर स्वतःला ‘आम्ही’ म्हणत. त्यांचे वडील तसे म्हणत, म्हणून हेही म्हणत. त्यात ताठा मुळीच नव्हता. आम्ही येतो. आम्ही जेवलो. आम्हाला चालेल. नवी नवरी असताना काकू ते ऐकून आजूबाजूला बघायच्या की आणखी कोण आले आहे. मग कळले की त्या अनेकवचनात माणूस एकच आहे, आणि आपण त्यात नाही. आपली भाषा मोठी चतुर आहे, सज्जनहो. तिने अनेकांसाठी दोन शब्द ठेवले. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तोच उंबरा ओलांडून आत येतो. काकूंचा सारा संसार उंबऱ्याबाहेर उभे राहून झाला, आणि त्यांनी तो हसून केला.

हसून केला, कारण त्यांच्या मनाला एक टाका त्यांनी पक्का घातला होता. देवाने एकाला गळा दिला, एकाला कान दिले. यांना दोन्ही देताना हात आखडता घेतला, त्याला कोण काय करणार? जे हा माणूस कोणालाच देत नाही, ते मला मिळाले नाही म्हणून रडायचे कशाला? मुक्या देवाशी भांडतो का कोणी? त्या एका टाक्यावर त्यांची तीस वर्षे धरून राहिली होती.

तो टाका एका सकाळी उसवला.

दारात एक परदेशी मुलगी उभी होती, आगारात पत्ता विचारून आलेली. मुलगी म्हणजे पंचविशी ओलांडलेली, उंच, उन्हाने नाक सोललेली. हातात धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला एक करडा मफलर. तो काकूंनीच विणलेला. मागच्या थंडीत मास्तर त्याच्याविना घरी आले होते, आणि कुठे गेला विचारल्यावर “राहिला” एवढेच म्हणाले होते. काकूंनी मुलीला आत घेतले, पाणी दिले, आणि तिने तुकड्यातुकड्यांनी जे सांगितले ते असे.

ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायला आली होती. विमान उशिरा उतरले. घ्यायला येणारा माणूस कंटाळून निघून गेला असावा, फोन बंद पडला होता, आणि बाहेरच्या अंधारात एकच दिवा लागलेली बस उभी होती. ती रडत रडतच बसमध्ये चढली. कंडक्टरकाकांनी तिला आपल्या शेजारच्या जागेवर बसवले. ती कुडकुडत होती म्हणून गळ्यातला मफलर काढून दिला. आणि मग शहर येईपर्यंत ते तिच्याशी बोलत राहिले. तिला तेव्हा इथला एक शब्द कळत नव्हता. तरी ते हाताने दाखवत, हळूहळू, एकेक शब्द मांडत बोलतच राहिले. ही भाषा तिने पहिल्यांदा तिथे ऐकली.

“काका खूप बोलतात,” मुलगी म्हणाली.

काकूंना वाटले, हिला ‘खूप’ आणि ‘कमी’ यांतला फरक माहीत नसावा. त्यांनी विचारले, काय बोलले काका?

मुलीने डोळे मिटून, पाठ केलेली प्रार्थना म्हणावी तसे म्हटले, “आता आपण पुलावर आलो. नदी आपल्या डाव्या हाताला. आता आपण उतरणीला लागू. आपण घाबरायचं नाही.”

“आपण म्हणजे कोण?”

“मी आणि काका.”

“मग आम्ही म्हण,” काकू म्हणाल्या. “आपण म्हटलं की मीसुद्धा आले त्यात.”

मुलीने जरा विचार केला. “काका आम्ही नाही म्हणत,” ती म्हणाली.

त्या दिवशी काकूंच्या हातून एका कोटाची चीर लांब गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शिंप्याने बटण मोठे लावले.

मत्सर म्हटला की लोकांना एकच मत्सर सुचतो. शेजारणीलाही तोच सुचला. तिने मुलीचे वय विचारले, उंची विचारली, आणि सुस्कारा टाकला. पण काकू स्वतःला फसवणाऱ्या नव्हत्या. मास्तरांची नजर त्यांना ठाऊक होती. ती मेणासारखी, जिथे ठेवाल तिथे राहणारी. त्या पोरीच्या रूपावर त्या जळत नव्हत्या. त्या जळत होत्या शब्दांवर. नवरा मुका नव्हता. नवरा बोलका होता, मायाळू होता, परक्याला ‘आपण’ म्हणून पोटाशी धरणारा होता, आणि ते सगळे बाहेर वाटून, रिकामी पिशवी घेऊन तो रोज घरी येत होता. एक सवत असती तर तिच्या नावाने बोटे मोडता आली असती. इथे रोज विमान भरून सवती उतरत होत्या. त्यांत म्हातारे होते, लेकुरवाळ्या होत्या, टाय लावलेले पुरुष होते. कोणाकोणाचा हेवा करायचा?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मफलर मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. मास्तरांनी तो उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, “बरं.” काकू वाट बघत उभ्या राहिल्या. चहा निवून गेला. मास्तर उठताना म्हणाले, “असू दे.”

मुलगी मात्र येत राहिली. तिला भाषा शिकायची होती, काकूंकडे वेळ होता, आणि खरे सांगायचे तर काकूंकडे खाज होती. मत्सराला उपाशी ठेवता येत नाही. त्याला रोज काहीतरी घालावे लागते, आणि तो मागतो ते नेमके विषच. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती पाहुणी खिडकीशी येऊन बसे, काकू कोट मांडीवर घेत, आणि शिकवता शिकवता विचारत: मग काका आणखी काय सांगतात?

पाहुणीची शाळा त्याच बसच्या वाटेवर होती, त्यामुळे संध्याकाळच्या फेरीला ती पुष्कळदा मास्तरांच्याच गाडीत असे. तिच्याकडे सांगायला खूप होते. मनोऱ्यावरचे घड्याळ मागे चालते, ते आले की काका प्रवाशांना म्हणतात, घड्याळ मागे आहे, आपण नाही. सगळे हसतात. पाहुणीही सांगताना हसली. काकू हसल्या नाहीत. आपला नवरा विनोद करतो ही बातमी त्यांना परदेशातून यावी लागली होती.

काकांनी एकदा एका मुलाला झोप येईपर्यंत गुणगुणून दाखवले. काका हॉस्पिटलच्या थांब्यावर स्वतः खाली उतरून म्हाताऱ्यांना हात देतात. काका असे, काका तसे. शेवटी एकदा सुई कापडात तशीच ठेवून काकूंनी विचारले, “माझं काही सांगतात का गं कधी?”

पाहुणी प्रामाणिक होती. तिने खूप आठवून बघितले आणि मान हलवली. नाही.

त्याच दिवशी काकूंनी ते केले. धड्यात कुठलेसे वाक्य चालले होते, त्यात पाहुणी ‘आपण’ म्हणाली, आणि काकूंनी खाली मान घालूनच सांगितले, “हे बघ, परक्या माणसाला आपण म्हणत नाहीत. बाई माणसानं तर नाहीच. परक्याशी बोलताना नेहमी आम्ही म्हणायचं.”

पाहुणीचे कान लाल झाले. तिने विचारले, वाईट शब्द आहे का? शिवीसारखा?

“तसंच समज,” काकू म्हणाल्या.

मत्सराचा पहिला घोट गोड असतो. दोन दिवस काकूंच्या हाताला सुई टोचली नाही. मग पाहुणीनेच येऊन सांगितले, मोठ्या शहाण्यासारखे, की तिने चूक सुधारली आहे. काल बसमध्ये चढताना तिने म्हटले, आम्हाला एक तिकीट द्या. काका म्हणाले, आपण आज लवकर सुटलो वाटतं. ती म्हणाली, आम्ही सुटलो. उतरताना म्हणाली, आम्ही येतो. काका काहीच बोलले नाहीत. काका थकले असतील.

काकूंनी घरी निरखून पाहिले. तीन शब्दांतला ‘हं’ त्या आठवड्यात गेला होता. बरं आणि असू दे एवढेच उरले.

पुढे शाळेला मोठी सुट्टी लागली आणि पाहुणी आपल्या देशी गेली. जाताना ती परतीचा दिवस सांगून गेली; पुन्हा तेच रात्रीचे विमान, तीच शेवटची बस. आणि काकूंच्या मनाने ठरवले. ऐकलेल्या आगीने एवढे भाजते, तर पाहिलेल्या आगीने काय होते ते तरी एकदा बघू. हा माणूस मुका आहे, की फक्त मला मुका आहे, एवढे डोळ्यांनी बघायचे आणि मग आयुष्यभर गप्प बसायचे. ज्या टाक्यावर संसार धरला होता तो तुटला की राहिला, हे त्यांना कळायला हवे होते. त्यावाचून सुई हातात धरवत नव्हती.

त्या दिवशी काकू दुसऱ्या मार्गाच्या बसने संध्याकाळीच विमानतळावर जाऊन बसल्या. शाल डोक्यावरून ओढून घेतली. काचेची दारे उघडत, मिटत, आणि दर वेळी ढकलगाडीमागे एक नवे परके तोंड बाहेर येई. किती सारखी दिसतात ती तोंडे. कोणी गोरे, कोणी काळे, कोणी जाडजूड, पण सगळ्यांच्या डोळ्यांत तेच एक लेकरू उभे असते, जत्रेत बोट सुटलेले. सज्जनहो, जगच्चालकाच्या गाडीतले आपण सारेच अपरात्री परक्या गावी उतरलेले उतारू नाही का? कुठे आलो ठाऊक नाही, कुठे उतरायचे ठाऊक नाही, आणि शेजारी कोणी एक जण असावा जो म्हणेल, भिऊ नका, अजून थोडे आहे. एवढीच तर जिवाची मागणी असते.

काकूंच्या मनात तेव्हा असे काही आले नाही. त्या मागच्या दाराने चढून सर्वांत शेवटच्या बाकावर, कोपऱ्यात बसल्या. ड्रायव्हर चाकावर मान टाकून डुलकी काढत होता. बसमध्ये रबराचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. थोड्या वेळाने पाहुणी चढली, तिने एका नजरेत शालीतल्या काकूंना ओळखले, आणि आनंदाने येऊन शेजारी बसली. काकूंनी ओठांवर बोट ठेवले. पाहुणीला वाटले, इथली काही गंमत असेल. तीही गप्प बसली.

आणि मग तो आवाज आला.

“या, या. सावकाश. बॅग इथं ठेवू आपण, म्हणजे पाय मोकळे राहतील.”

काकूंनी मान उंचावली. आवाज मास्तरांच्या गळ्यातून येत होता. पण तो काकूंच्या ओळखीचा नव्हता. दुखऱ्या वासराच्या पाठीवरून हात फिरावा तसा तो प्रवाशांवरून फिरत होता. दाराशी एक परदेशी म्हातारा-म्हातारी उभी होती. म्हाताऱ्याने दोन्ही हातांचा पाळणा करून हलवून दाखवला, मग बोटाने दूर कुठेतरी दाखवले. मास्तरांना लगेच समजले. हॉस्पिटल, लेक बाळंत झाली. त्यांनी हातानेच विचारले, नात की नातू? म्हाताऱ्याने खांदे उडवले. मास्तर हसले. काकूंनी त्यांचे सगळे दात एकदम पहिल्यांदा बघितले.

“असू दे,” मास्तर म्हणाले. “पोचल्यावर कळेल आपल्याला.”

असू दे. घरातला तो घासून गुळगुळीत झालेला शब्द. पण इथे त्यात किती दूध होते. काकूंच्या छातीत असे काही पेटले की शालीच्या आतून धूर निघेल असे वाटावे. माझ्या ताटात कोरडा वाढला, आणि इथे परक्यांच्या ओंजळीत हा भरभरून.

बस निघाली. मास्तर एकेका रांगेला तिकीट देत, प्रत्येकाशी चार शब्द बोलत मागे आले, आणि शेवटच्या बाकापाशी त्यांना काकू दिसल्या.

तोंडातले वाक्य तसेच अर्धे राहिले. तिकिटाच्या यंत्रावरचा अंगठा थांबला.

“एक,” काकू म्हणाल्या.

मास्तरांनी तिकीट फाडून दिले. वळले, पुढे गेले, आपल्या जागेवर बसले आणि मांडीवरच्या चामडी पिशवीकडे बघत राहिले.

पूल आला. कोणी सांगितले नाही की पूल आला. नदी डाव्या हाताला होती, ती तशीच अंधारात मागे पडली. मनोऱ्याचे घड्याळ आले आणि गेले. कोणी हसले नाही. प्रवासी काचेबाहेर बघत होते आणि काचेत त्यांना त्यांचेच चेहरे दिसत होते. काकूंना आधी बरे वाटले, फार बरे वाटले. घ्या, त्या मनात म्हणाल्या, आता तुम्हीही चाखा. माझ्या तीस वर्षांच्या जेवणातला हा एक घास.

पण मत्सराचे डोळे शाबूत असतात असे वर म्हटले, ते इथे नडले. त्यांना मास्तरांची मान दिसत होती. ती मागून लालबुंद झाली होती, चोरी करताना पकडलेल्या पोरासारखी. पुढच्या आरशात मास्तर हळूच बघत होते आणि काकूंची नजर भिडली की डोळे खाली घालत होते. यात लबाडी कुठे होती? ही तर लाज होती. परक्यांपुढे मायेने बोलायला माणसाला लाज वाटत नाही, कारण ते उद्या नसतात. आपल्या माणसापुढे बोललेला शब्द घरात राहायला येतो.

पाहुणी कानाशी म्हणाली, “काका आज बोलत नाहीत. आमचं काही चुकलं का?”

आमचं. तो शब्द काकूंना सुईसारखा टोचला. तो त्यांनीच पोरीच्या तोंडात ओवला होता.

इतक्यात हॉस्पिटलचे निळे दिवे दिसू लागले. तिथला थांबा सांगितल्याशिवाय बस थांबत नसे. म्हातारा-म्हातारी भलत्याच बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती. म्हातारीचे हात अजून मांडीवर पाळण्यासारखे दुमडलेले होते. मास्तर पिशवीत डोळे घालून बसले होते. हॉस्पिटलचे फाटक आले. फाटक मागे पडले.

काकू उठल्या. डोक्यावर घंटीची दोरी होती ती धरली आणि जोर लावून ओढली, एकदा, आणि खात्री म्हणून पुन्हा एकदा. बस उलट आणखी सुसाट सुटली. कारण दोन घंट्यांचा अर्थ असतो ‘चला’, आणि कंडक्टरच्या बायकोला ते कोणी कधी सांगितलेच नव्हते.

“अहो, थांबवा,” काकू म्हणाल्या. “आपलं हॉस्पिटल मागं राहिलं. आपल्याला उतरायचंय.”

सगळी बस मागे वळून बघू लागली. मास्तर जागे झाल्यासारखे उठले, त्यांनी दोरी एकदा ओढली, आणि चाके कचकन थांबली. काकू मधल्या वाटेने पुढे गेल्या, म्हातारीला हात दिला आणि खाली उतरवले. फाटकापर्यंत मागे चालत जायचे होते. मास्तर बॅग घेऊन मागून आले. बोलत होत्या त्या काकू. “हे आपलं हॉस्पिटल. सावकाश, इथं पायरी आहे. दिवे आहेत ना, तिथं जायचंय आपल्याला. बाळ बघायचंय.” म्हातारीला एक अक्षर कळत नव्हते आणि ती प्रत्येक शब्दाला मान डोलावत होती. काकूंना मधेच स्वतःचा आवाज ऐकू आला आणि त्या चपापल्या. तो तोच आवाज होता. वासराच्या पाठीवरून फिरणारा. म्हणजे तो मास्तरांचा नव्हताच. समोर कोणी वाट चुकलेले असले की तो ज्याच्या त्याच्या गळ्यातून आपोआप निघतो, आईच्या पान्ह्यासारखा. नारायणाने तो साऱ्यांच्याच छातीत ठेवला आहे.

बस पुन्हा निघाली तेव्हा पाहुणी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. “काकू,” ती म्हणाली, “तुम्ही त्या आजींना आपण म्हणालात. त्या परक्या होत्या.”

काकूंना खोटे बोलता आले असते. सोपे होते, व्याकरणाचा आणखी एक नियम काढायचा. त्या म्हणाल्या, “मी तुला खोटं शिकवलं गं. वाईट शब्द नाही तो. मी जळत होते.”

पाहुणीला ‘जळणे’ एवढेच कळले, आणि तेही चुलीवरचे. तिने घाबरून काकूंचा हात हातात घेतला, दिव्याखाली धरला, उलटासुलटा करून बघितला. “कुठं?” तिने विचारले.

“हातावर नाही,” काकू म्हणाल्या, आणि त्यांना हसू आले, आणि हसता हसता डोळे भरले. मग उरलेल्या वाटेत त्यांनी तिला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. कठीण धडा होता; पण शिकवणारी जाणती होती. पाहुणीने सारे ऐकून घेतले आणि विचारले की काकांना हे आम्ही सांगू का, मग थांबून, जीभ सावरून म्हणाली, आपण सांगू का? काकू म्हणाल्या, “आज नको. आज त्यांच्यावर आधीच खूप कोसळलंय.”

पाहुणी शाळेपाशी उतरली. आगारात बस लावून, पिशवी जमा करून मास्तर बाहेर आले. दोघे चालू लागले. निम्मी वाट झाली आणि काकूंना वाटले, बरं आणि असू दे यांतले आज कोणते येणार?

“दोरीला हात लावायचा नसतो,” मास्तर म्हणाले.

काकूंनी शाल डोक्यावरून खाली घेतली.

“दोरी कंडक्टरची असते. दुसऱ्या कोणी ओढली की ड्रायव्हर फसतो. आज फसला. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, लहान पोराला कळतं हे. आणि भर रस्त्यात, थांबा नसताना. मागून ट्रक असता तर? शिवाय ती माणसं जाताना तुझ्या पाया पडायची बाकी होती. बॅग आम्ही वाहिली. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी.”

एवढे बोलून ते धापा टाकत थांबले. काकूंच्या कानांना त्यातला एकेक शब्द प्रसादासारखा लागत होता. हा माणूस जळतो आहे, त्यांच्या ध्यानात आले. माझ्यावर जळतो आहे, आणि किती छान बोलतो आहे.

“एक म्हणजे थांब, हे मला कोणी सांगितलं होतं?” त्या म्हणाल्या.

“तुला काय सांगायचं? तुला सगळं ठाऊकच असतं. नवख्या माणसाला सांगावं लागतं.”

“मला काही ठाऊक नाही,” काकू म्हणाल्या. “इतकी वर्षं या गल्लीत राहते, पण मी कुठं आलेय ते मला कोणी सांगितलं नाही.”

मास्तरांनी घसा दोनदा साफ केला. मग त्यांनी हात वर करून अंधारात दाखवले. “ही पाण्याची टाकी,” ते म्हणाले. “टाकीवरून डावीकडं वळायचं.” आणि थांबले. पुढचं तुला माहीतच आहे, असे काहीसे पुटपुटले.

“नाही माहीत,” काकू म्हणाल्या.

तेव्हा ते सांगत निघाले. ही पिठाची गिरणी. हा डॉक्टरांचा फलक, यातलं एक अक्षर पडलंय. हे लांड्या कुत्र्याचं दार, तो भुंकतो पण उठत नाही. आवाज अजून आखडलेला होता, शब्द बसमधल्यासारखे सहज सुटत नव्हते. काकूंच्या मनात आलेच की परक्यांना यांनी याहून गोड सांगितले असते, वर एखादा विनोदही केला असता. मत्सराचे लाकूड विझले नव्हते. आतून धुमसत होतेच. पण त्या पावले लहान टाकू लागल्या, म्हणजे गल्ली जरा लांब होईल.

घराच्या अलीकडे मास्तरांनी हात आडवा धरला. “इथली फरशी हलते,” ते म्हणाले. “सांभाळून.”

त्या फरशीवरून काकू रोज डोक्यावर गाठोडे घेऊन, न बघता, बिनचूक लांब पाऊल टाकून जात. आज त्या तिच्यापुढे थांबल्या, मास्तरांचा दंड घट्ट धरला, आणि पाऊल कुठे ठेवू म्हणून विचारले.